मामांची मतं आणि मामांचे कान

पलूसच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान माझं, पण तिथली मतं बरीच वर्षं माझ्या सासऱ्यांची होती. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा लष्करात वायरलेसवर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. घरी आल्यावर दोन वर्षं उसात रमले, मग रान वाट्यानं दिलं आणि रोज सकाळी दहाला काउंटरशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसू लागले. पेपरात तंत्रज्ञानाचं पान ज्या दिवशी यायचं त्या दिवशी तो पेपर दुसऱ्या कुणाच्या हाताला लागायचा नाही. त्यानंतर मोबाइलवर नव्या फोनचे व्हिडिओ. कुठल्या देशात कुठला फोन आला, कशाची बॅटरी किती, कुणी काय काढून टाकलं आणि काय नवीन घातलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथंच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्नानंतर सांगलीत एका कारागिराकडं वर्षभर सोल्डरिंग शिकले आणि दुकान टाकलं. बाई फोन दुरुस्त करते म्हणून सुरुवातीला लोक नुसतं बघायला यायचे. पुढं मात्र बायकांची रीघ लागली, कारण आपले फोटो असलेला फोन परक्या पुरुषाच्या हातात द्यायला त्यांना नको वाटायचं. जोडीला मी थोडे नवे फोनही ठेवते. तिथंच मामांची अडचण व्हायची.

एकदा एक द्राक्षबागायतदार तरुण फोन घ्यायला आला. मागं चार कॅमेरे असलेला फोन त्यानं हातात घेतला होता, मीही बिल करायच्या तयारीत होते.

"कशाला घेतोस रं?" मामांनी खुर्चीतून विचारलं.

"बागेचं फोटो काढायचं हायत, मामा."

"देवानं माणसाला डोळं दिल्यात दोन. त्यावर सगळी दुनिया चाललीया. ह्याला चार कशाला? आन् दोन म्हैन्यांत ह्याचाच भाऊ येतोय, पाच डोळ्यांचा. तवा हा आंधळा ठरंल."

तरुण हसला आणि म्हणाला, "मग थांबतो की दोन महिने." गेला तो गेलाच.

फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकायची टूम निघाली तेव्हा मामा आठवडाभर तापलेले होते. "जेवायला बोलवायचं आन् पत्रावळ घरनं आणा म्हणायचं, ही कुठली रीत?" हे वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं की शेजारचा वडापाववालाही ते आपलंच असल्यासारखं वापरायला लागला. पातळ फोन आले तेव्हा म्हणाले, "पातळ फोन म्हंजे पातळ आमटी. वाटी भरलेली दिसती, पोट भरत न्हाई." आणि हे चूक नव्हतं. पातळ फोनात बॅटरीला जागा कमी, आणि ती इतकी घट्ट चिकटवलेली असते की काढताना माझ्या अंगाला घाम फुटतो. दुरुस्ती करणारी म्हणून मला त्यांची निम्मी मतं पटायची. पण मला नवं आवडतं. नवं खोकं उघडताना जो वास येतो त्यानं माझा दिवस चांगला जातो. त्यामुळं दुपारी डबा खाताना आमचा वाद ठरलेला.

वादात एक गंमत मला कळायची नाही. मी म्हणायची, "मामा, आता बॅटरी दोन दिवस टिकते." त्यावर मामा म्हणायचे, "मी तरी काय म्हणतोय? टिकतच न्हाई." मी म्हणायची, "अहो, टिकते म्हणते मी." ते मान हलवायचे, "आता कसं पटलं तुला." मला वाटायचं, हट्टी माणूस आहे, आपल्याला हवं तेच ऐकतो.

घडी होणारा फोन आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांबरोबर. जैन घराणं, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी तो पुस्तकासारखा उघडला आणि मिटला, तसे दुकानातले सगळे काउंटरवर वाकले. मामांनी तो हातात घेऊन आठ-दहा वेळा उघडमीट केली. त्यांना मत सुचेना, असं मी पहिल्यांदाच बघत होते. तेवढ्यात आत्या डबा घेऊन आल्या. त्यांचं माहेर माधवनगरचं, वडील तिथल्या कापडगिरणीत होते. त्यांनी फोनच्या मधल्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "घडी जिथं पडती, कापड तिथंच आधी इरतं. माझा बाप सांगायचा."

व्यापारी खळखळून हसले. "काकू, हे मला दुकानदारानं सांगितलं नव्हतं."

मामा मात्र आत्यांकडं बघून म्हणाले, "व्हय व्हय, जेवतो. ठेव तिथं."

सगळ्यांना वाटलं, बायकोचं मत आपल्यापेक्षा भारी पडलं म्हणून टाळताहेत. आत्या डबा ठेवता ठेवता काहीतरी पुटपुटल्या आणि निघून गेल्या.

खरा प्रकार माझ्या लक्षात आला तो फोन मराठी बोलायला लागल्यावर. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द तोवर पेपरात रोज यायला लागला होता. आता तुम्ही बोलायचं आणि फोननं बोलून उत्तर द्यायचं, तेही मराठीत, अशी बातमी होती. मामांचं मत तयारच होतं, "पुण्याच्या बाईगत बोलंल. आपलं त्याला कळायचं न्हाई." वडापाववाला, एक रिक्षावाले, एक निवृत्त मास्तर वगैरे चार-पाच जण परीक्षा बघायला जमले. मी माझ्या फोनवर ती सोय सुरू केली. पडद्यावर अक्षरं नव्हती, नुसता एक निळा गोल हळूहळू फुगत होता आणि बसत होता.

मामांनी फोन तोंडाजवळ धरला. "काय गं, आज पलूसात ऊन लय तापणार हाय का?"

फोन स्वच्छ बाईच्या आवाजात म्हणाला, "हो, आज दुपारी ऊन चांगलंच जाणवेल. तुम्ही रानात जाणार आहात का?"

आम्ही सगळे चकित झालो. "लय" कळलं, "हाय" कळलं. मास्तर तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

मामा आमच्याकडं वळले. "बघा, म्हणलं न्हवतं? गप बसली. आपली भाषा कळंना तिला."

सगळे हसले. मामा थट्टा करताहेत असंच प्रत्येकाला वाटलं. मामांनी पुन्हा फोन वर धरला, "बोल की गं. शाणी हायस म्हणत्यात पेपरवाले."

"मी ऐकतेय, बोला," फोन म्हणाला.

"मुकी हाय गड्या," मामा रिक्षावाल्यांना म्हणाले.

ते त्या निळ्या गोलाकडं टक लावून बघत होते, आणि त्या बघण्यात थट्टा अजिबात नव्हती. व्हिडिओखाली अक्षरं चालू ठेवायचा त्यांचा हट्ट, वाकडी उत्तरं, "टिकते" आणि "टिकत नाही"चा घोळ, सगळं एकदम समोर आलं. फोनमधल्या बाईला मामांचं सगळं ऐकू येत होतं. मामांना तिचं काहीच येत नव्हतं.

मी पटकन फोन काढून घेतला. "नेटवर्क गेलं वाटतं. उद्या बघू," असं सांगून सगळ्यांना पांगवलं.

संध्याकाळी घरी आत्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि हळूच विचारलं, "आत्या, मामांना ऐकू कमी येतं का?"

"कमी?" आत्यांनी काडी बाजूला टाकली. "अगं, गेल्या साली माझ्या हातनं पितळी पातेलं फरशीवर आपटलं, तर वळून बघितलं न्हाई त्यांनी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलले की. त्यांला ऐकू आलं न्हाई."

मला हसू आवरेना. आत्याही हसल्या आणि मेथीची पुढची जुडी ओढली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सारखं बोलत बसत्यात ते त्यासाठीच. आपण बोलत असलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत न्हाई."

माझ्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल रविवारी संध्याकाळी येतो. तोही लष्करात, तेव्हा सरहद्दीवर होता. मामा फोन पहिला घ्यायचे. सिग्नलच्या किती कांड्या आहेत, टॉवर कुठं आहे, असं पाच मिनिटं बोलायचे, आणि तो काही सांगायला लागला की "बरं बरं, तब्येत सांभाळ, घे आईला" म्हणून फोन पुढं सरकवायचे. नवरा मला एकदा म्हणाला होता, "आबांना माझ्याशी बोलायचंच नसतं बघ. मी तोंड उघडलं की फोन आईकडं." त्याच्या आवाजातलं दुखणं मला तेव्हा कळलं होतं. कारण मात्र आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विषय काढला, जरा मोठ्यानं आणि समोर बसून. "मामा, एकदा कान तपासून घेऊया."

मामांचा चेहरा लाल झाला. "माझा कान? अगं, बर्फाच्या डोंगरावर, वारं सुटलेलं असताना, खरखरीतनं शब्द उचललाय मी. माझ्या कानाला काय धाड भरली? लोकंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागल्यात. ही सगळी मोबाइलची करणी."

दोन दिवस ते दुकानात आले नाहीत. गिऱ्हाईकं सारखी "मामा कुठं?" विचारत होती आणि चार फोन विनाअडथळा विकले गेले, तरी मला दुकान बेचव वाटत होतं.

मग मला पेपरात एक बातमी सापडली. कानात घालायच्या बिनवायरच्या इअरफोनांनाच श्रवणयंत्राचं काम करायला लावायची सोय एका परदेशी कंपनीनं आणली होती. फोनवरच कानाची तपासणी करायची आणि कानाला जेवढं कमी पडतं तेवढंच इअरफोननं वाढवून द्यायचं. मी ते पान घरी नेऊन मामांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"भंकस हाय," ते म्हणाले. "गाणी ऐकायची वस्तू ती. उद्या म्हणतील चष्म्यातनं जेवा."

"मामा, तुम्ही न वापरता मत देताय," मी म्हणाले. "हे तुम्हाला शोभत नाही."

हा घाव बसला. ते चहा पीतच राहिले, मग कप ठेवून उठले. "चल दुकानात. खोटं हाय ते दाखवतो तुला."

त्या बातमीतले नेमके इअरफोन माझ्याकडं नव्हते आणि ती सोय आपल्याकडं मिळतेय की नाही याचाही पत्ता नव्हता. पण आमच्या फोनात आजूबाजूचा आवाज वाढवून कानात सोडायची साधी सोय होती, आणि कानाची तपासणी करणारं एक ॲपही मिळालं. बारीक टूं असा आवाज येणार, आला की पडद्यावर बोट टेकायचं. मामांनी भराभर बोट टेकलं. पहिलाच निकाल आला, कान उत्तम!

मला शंका आली. मी फोन धरून समोर बसले होते आणि पडद्यावर रेघ हलली की माझी भुवई हलत होती. "मामा, तुम्ही माझ्याकडं बघून बोट टेकवताय."

मामा लहान मुलासारखे ओशाळले आणि मग हसायलाच लागले. "पलटणीत शेवटची मेडिकल अशीच पास झालो. डॉक्टर पाठीमागं उभा राहून हळू बोलायचा आन् आपण तेच म्हणायचं. समोर औषधाचं कपाट हुतं. काचंत त्याचं ओठ दिसायचं."

"म्हणजे तेव्हापासून?"

"तवा थोडंच हुतं गं."

मी त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवली. या वेळी बोट फार कमी वेळा टेकलं गेलं. मध्ये एकदा तर सलग किती तरी टूं होऊन गेले आणि ते भिंतीकडं बघत शांत बसून होते. निकालाचा आलेख मी त्यांच्या हातात दिला. डावीकडं वर असलेली रेघ उजवीकडं जाता जाता कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. मला समजवायला शब्द शोधावे लागले नाहीत. सारं आयुष्य त्यांचं फ्रिक्वेन्सीत गेलं होतं.

"खालची फ्रिक्वेन्सी येतीया," ते आलेखावर बोट ठेवून म्हणाले. "वरची गेलीया. सेट जुना झाला की वरचीच आधी जाती." मग बोट उजवीकडं सरकवून म्हणाले, "बायकांचा आवाज वर असतो. आन् पोरांचा."

मी काचेच्या कपाटातले इअरफोन काढले, फोनला जोडले आणि त्यांच्या कानात बसवले.

मामा दचकले. वर पंख्याकडं बघितलं. "हा कुरकुरतोय कवापासनं?" मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला तर त्याचा आवाज. बाहेर कुणी प्लास्टिकची पिशवी चुरगाळली तर त्याचा आवाज. मग ते एकदम उभे राहिले. समोर स्टँडवरच्या भोंग्यातून बाई सांगत होती, तासगावकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे.

"ही कवापासनं बोलतीया?"

"रोजच बोलते, मामा."

"आरं देवा!" मामा मटकन खाली बसले. "भोंगा बंद हाय म्हणून मी तिथं जाऊन लेखी तक्रार दिलीया." आणि स्वतःच मांडीवर थाप मारून इतके हसले की डाव्या कानातला इअरफोन निसटून काउंटरखाली गेला. तो शोधायला आम्हा दोघांना जमिनीवर रांगावं लागलं.

त्या संध्याकाळी ते इअरफोन घालूनच घरी गेले. टोपीमुळं आत्यांना काही दिसलं नाही. मामा जेवायला बसले आणि सवयीनं म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय."

आत्या चुलीकडं तोंड करून पुटपुटल्या, "जीभ पलटणीत ठेवून आलाय, मीठ काय करील?"

मामांचा हात ताटातच थांबला. "काय म्हणलीस?"

"काय न्हाई. मीठ देते म्हणलं."

"जीभ पलटणीत ठेवून आलोय व्हय मी?"

आत्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या सावकाश वळल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी पदरात तोंड घातलं.

"किती साल चाललंय हे?" मामांनी विचारलं.

"आवं, लगीन झाल्यापासनं," आत्या म्हणाल्या. आता लपवून उपयोग नव्हता. "पैलं मनात बोलायची. तुमचा कान गेला तसं तोंडानं बोलाय लागले. लय हलकं वाटतंय बगा."

मामांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आनखी काय काय म्हणलीयास ते सांग आज. सगळं ऐकतो." आणि आत्यांनी खरंच सांगितलं. आमटी निवून गेली तरी दोघं एकमेकांना जुन्या गोष्टी सांगत होते. त्यांना इतका वेळ समोरासमोर बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

सगळं इतक्यावर सुटलं असतं तर बातमी खरी ठरली असती. पण आठवडी बाजारात मामा इअरफोन घालून गेले आणि डोकं धरून परत आले. भाजीवाल्यांचा ओरडा, गाड्यांचे हॉर्न, सगळंच वाढून कानात शिरत होतं, आणि शेजारी उभा असलेला माणूस काय म्हणतो तेच कळत नव्हतं. शिवाय चार तासांत चार्जिंग संपायचं. मी म्हणाले, "मामा, मिरजेला जाऊया." या वेळी ते नाही म्हणाले नाहीत.

मिरजेला कान तपासणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान होती. तिनं मामांना काचेच्या बंद खोलीत बसवलं. मामा आत जाताना तिला म्हणाले, "पोरी, तू तोंड फिरवून बस. मी लय चोर माणूस हाय." तिला काही कळलं नाही, पण तिनं तोंड फिरवलं. तपासणी झाल्यावर मामांनी तिला प्रश्नांनी भंडावलं. चिप कुठली, ब्लूटूथ कुठलं, गर्दीत समोरच्याचा आवाज वेगळा कसा काढता, बॅटरी बदलता येते की चिकटवलेली? तिनं शांतपणे एकेकाचं उत्तर दिलं, त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश. शेवटी म्हणाली, "आजोबा, इअरफोननं ज्यांचं भागतं त्यांचा कान थोडाच गेलेला असतो. तुमचा त्यापुढं गेलाय. तुम्हाला दोन्ही कानांना खरं यंत्र लागेल, आणि सवय व्हायला महिना-दोन महिने जातील."

मामांनी खिशातून तेच पेपरचं पान काढलं. घडी घालून घालून मधे विरलं होतं. ते तिच्यापुढं ठेवून म्हणाले, "म्हंजे बातमी खरी हाय, पर माझ्या कानासाठी न्हाई."

"अगदी बरोबर," ती म्हणाली.

"पलूसात सगळ्यांनला सांगतो," मामा म्हणाले, आणि पान पुन्हा खिशात घातलं.

यंत्रं आली ती करंगळीच्या टोकाएवढी. पहिले पंधरा दिवस मामा वैतागले होते. स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो म्हणायचे, दोनदा काढून टाकली, आत्यांनी दोनदा पुन्हा घालायला लावली. त्या यंत्रांत एक सोय होती, फोन आला की बोलणाऱ्याचा आवाज थेट कानात. रविवारी मी ती जोडून दिली आणि बाजूला झाले.

नवऱ्याचा कॉल आला. मामांनी सवयीनं विचारलं, "सिग्नल कसा हाय?" आणि मग थांबले. फोन पुढं सरकवला नाही.

पलीकडून तो काही तरी म्हणाला. मला ऐकू येत नव्हतं, आवाज फक्त मामांच्या कानात होता. मामांचा चेहरा मात्र दिसत होता.

"काय म्हणलास? मुदतवाढ घेणार न्हाईस?" बराच वेळ ते ऐकत राहिले. "कवा ठरवलंस हे?... दोन सालं झाली?... मला चारदा सांगितलंस?"

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हे मला ठाऊक होतं, आत्यांनाही ठाऊक होतं. नोकरीची मुदत संपली की पुढं वाढवून न घेता घरी यायचं आणि दुकानात माझ्याबरोबर उभं राहायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. वडिलांना पटलेलं नाही, म्हणून ते विषय टाळतात, अशी आमची तिघांची समजूत झाली होती; कानाचं ठाऊक असूनही आत्यांनी तो धागा जोडला नव्हता.

मामांचे डोळे भरून आले. "आरं, मला ऐकूच आलं न्हाई रं," ते म्हणाले. "मला वाटलं तू रजंचं बोलतुयास. म्हणून बरं बरं म्हणत हुतो."

पलीकडं काही तरी झालं असावं, कारण मामा एकदम म्हणाले, "ये की गड्या. विचारतोस काय? माझं मत पायजे? माझं मत हाय, लवकर ये." त्या दिवशी त्यांचं बोलणं इतकं लांबलं की आत्यांची आणि माझी पाळीच आली नाही.

गेल्या वर्षी नवरा घरी आला. आता तो नव्या फोनचं आणि हिशेबाचं बघतो आणि मी मागं शांतपणे दुरुस्ती करते. बापलेकांचे वाद रोज होतात, पण आता उत्तर प्रश्नाला धरून येतं. मामांची मतं कमी झालेली नाहीत. चष्म्यात कॅमेरा बसवलाय म्हणून परवाच ते चिडले होते. पण आता मत देण्याआधी ते गिऱ्हाईकाला विचारतात, "तुला कशासाठी पायजे?" आणि खुर्ची पुढं ओढून उत्तर पुरतं ऐकतात. गंमत म्हणजे त्यामुळं ते आता बऱ्याचदा म्हणतात, "मग घे की, तुझ्या कामाला येतोय." विक्री वाढली हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

परवा कवठे महांकाळहून एक बाई आपल्या सासूला घेऊन एसटीनं आली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, पलूसच्या मोबाइलच्या दुकानात कानाचं कळतं. मी सांगायच्या आत मामा उठले, त्या म्हाताऱ्या बाईंना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टूल घेऊन त्यांच्या अगदी समोर बसले. ओठ दिसतील असे. मोठ्यानं, सावकाश विचारलं, "आक्का, तुमाला काय ऐकायचंय?"

त्या बाईंनी विचार केला. "नातू शाळंतनं आला की बाहेरनं हाक मारतोय. मी दार उघडत न्हाई म्हणून रुसतोय. ती हाक ऐकायची हाय."

"बास, एवढंच?"

"एवढंच."

मामांनी स्वतःच्या कानातलं यंत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं, बघायला. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि मोठ्या अक्षरात मिरजेचा पत्ता लिहून दिला, कुठल्या गाडीनं जायचं, कुठं उतरायचं, तेही लिहिलं. खाली एक ओळ जादा लिहिली. त्या गेल्यावर मी त्यांना विचारलं, शेवटी काय लिहिलंत?

"तपासणीला तोंड भिंतीकडं करून बसा," मामा म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळले.